तीनशे बारा भोकांची जाळी

काटकोनरावांच्या बायकोने एक पडदा मागितला होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्यात पडद्याचा मागमूसही राहिला नाही. ती बिचारी मात्र अजून भेटेल त्याला सांगत असते, "अहो, मी साधा पडदा म्हटलं होतं. रिंगांचा."

काटकोनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. जमिनीखालून जाणाऱ्या पाइपांचे नकाशे काढायचे, पाइप वळला की काटकोनात वळवायचा, आणि तोही असा की साहेबांनी खुशाल गुण्या लावून बघावा. बसायचेही तसेच. पाठ ताठ, मांड्या आडव्या. कोणीतरी एकदा काटकोन म्हणालं आणि ते चिकटलं. पुढे कचेरीतलाच एकजण त्यांच्या सोसायटीत राहायला आला आणि त्याच्याबरोबर नावही राहायला आलं.

पडदा का नको झाला, त्याचं कारण बिल्डर. त्याला कुठून काय सुचलं कोण जाणे, पण त्याने सगळ्या बाल्कन्या पोट सुटल्यासारख्या गोल, पुढे आलेल्या काढल्या होत्या. काटकोनरावांना ही बाल्कनी पहिल्या दिवसापासून सलत होती. त्या पोटाला सरळ दांडी बसत नव्हती आणि दांडी नाही तर पडदा नाही. बाल्कनीला लागूनच जेवायचं टेबल आणि बाल्कनीसमोर वीस फुटांवर 'ब' विंग, तिच्या सगळ्या खिडक्यांसकट. म्हणजे यांच्या घरात आज भाजी पुन्हा घेतली की नाही, हे समोर चार मजल्यांना कळायचं.

बायकोने पडद्याचा विषय काढला त्याच आठवड्यात कचेरीत नवीन सॉफ्टवेअर आलं आणि सगळ्या ड्राफ्ट्समनना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं. पहिल्या दिवशी अकराजण होते, दुसऱ्या दिवशी चार, आणि तिसऱ्या दिवशी एकटे काटकोनराव. शिकवणारी बाई त्यांच्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. ती म्हणाली, "सर, यात रेषा काढायची नाही. नियम सांगायचा. रेषा आपोआप येतात."

सव्वीस वर्षं रेषा काढून ज्याने पोट भरलं त्याला असं तोंडावर सांगणं म्हणजे जरा अतीच होतं. काटकोनरावांचा राग दुपारच्या चहापर्यंत टिकला. चहानंतर बाईने कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक फुगीर पृष्ठभाग घेतला, त्याची चौकोनाचौकोनांची जाळी पाडली, प्रत्येक चौकोनात एक नक्षीदार भोक बसवलं आणि म्हणाली, "आता प्रत्येक चौकोनाला एक आकडा द्या. आकडा मोठा तर भोक मोठं, आकडा लहान तर भोक लहान." आणि तिने आकडे बदलले. सगळी जाळी वारा लागावा तशी हलली. इकडची भोकं मिटली, तिकडची उमलली. काटकोनरावांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी घरी येताना ते पुलावर मध्येच थांबून कठड्याच्या जाळीकडे दहा मिनिटं बघत उभे होते, आणि मागून येणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना खांद्याला धरून बाजूला घेतलं. त्यांचा गैरसमज झाला होता.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "पडदा नाही. जाळी करायची. पॅरामेट्रिक. म्हणजे आकड्यांवर चालणारी."

"धुता येते का?" बायकोने विचारलं.

धुता येण्याचा प्रश्नच नव्हता, ती ॲल्युमिनियमची होणार होती. काटकोनरावांनी बाल्कनीचं माप घेतलं, पोटासकट. सव्वीस उभ्या रांगा, बारा आडव्या, एकूण तीनशे बारा चौकोन, प्रत्येक साधारण वीतभर. आता प्रत्येक चौकोनाला आकडा द्यायचा. कसा द्यायचा? इथे काटकोनरावांचं डोकं चाललं, आणि आज ते स्वतःच म्हणतात की नसतं चाललं तर बरं झालं असतं.

त्यांनी असं केलं. जेवायच्या टेबलाशी आपल्या खुर्चीत ताठ बसायचं. डोळ्यापासून एक रेषा चौकोनातून आरपार न्यायची. ती समोर ज्या खिडकीवर पडेल, ती खिडकी आपल्याला किती बघावीशी वाटते आणि त्या खिडकीने आपल्याला किती बघावं, याचा विचार करून शून्य ते दहा यांत एक आकडा ठरवायचा. तोच त्या चौकोनाचा आकडा. उजवीकडे 'ब' विंग संपून मोठं झाड होतं, आकाश होतं. तिथे दहा.

"आणि मी ओट्यापाशी उभी राहून बघितलं तर?" बायकोने विचारलं.

"ते गणितात धरलेलं नाही," काटकोनराव म्हणाले.

"मी पण?" मुलीने विचारलं.

"कोणीच नाही. डोळा एकच धरायचा असतो."

मुलगी म्हणाली, "बाबा, म्हणजे ही जाळी फक्त तुमच्यासाठी आहे, आणि तीही जेवताना." हे तंतोतंत खरं होतं, पण खरं बोलल्यावर आपल्या घरात कुणाचं भलं झालंय? तिला अभ्यासाला पाठवण्यात आलं.

दर रविवारी काम चालायचं आणि ही बातमी लपणं शक्यच नव्हतं. टेप घेऊन बाल्कनीत ओणवा झालेला माणूस 'ब' विंगला दिसत होता. सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, "कबुतरं घुसतील. भोक कबुतराच्या मापाखाली ठेवा." मग कबुतराचं माप काय, हा प्रश्न आला. काटकोनरावांनी दोन रविवार गच्चीवर पट्टी घेऊन काढले. कबुतर पट्टीपाशी येऊन उभं राहत नाही, एवढं त्यांना कळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ऊन अडलं तर हाडं ठिसूळ होतील, आणि गोळ्यांचं नावही लिहून दिलं. चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंना नक्षीत सूर हवे होते. सूर कसे दिसतात, असं विचारल्यावर त्या चार दिवस बोलल्या नाहीत.

एका माणसाने मात्र कामाचा सल्ला दिला. समोरचे मास्तर.

मास्तरांची खिडकी काटकोनरावांच्या टेबलाच्या बरोबर समोर. एकोणीस वर्षं समोरासमोर. गणिताचे मास्तर, आता निवृत्त. सकाळी पेपर आला की वीस फुटांवरून बातम्यांवर चर्चा, मुलगी शाळेत असताना तिची उदाहरणं मास्तरांनी या खिडकीतून त्या बाल्कनीत, पाटी उंच धरून सोडवून दिलेली. एवढी जवळीक की एकमेकांच्या घरी जायची वेळच यायची नाही. काय बोलायचं ते बोलून झालेलं असायचं. चार वर्षांपूर्वी मास्तरांची बायको गेली. त्यानंतर मास्तर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायला लागले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एकदा जेवताना काटकोनरावांची बायको सहज म्हणाली होती, "मास्तर सारखे इकडेच बघत असतात नाही?" म्हणाली आणि विसरली.

अडचण अशी आली होती की नऊ आकड्याच्या शेजारी एक आकडा आला की मोठ्या भोकाशेजारी एकदम बारीक भोक यायचं आणि जाळी देवी आल्यासारखी दिसायची. काटकोनराव हैराण झाले. मास्तरांनी खिडकीतून विचारलं, "काय अडलंय?" यांनी सांगितलं. मास्तरांचा चेहरा असा काही उजळला की चार वर्षांत उजळला नव्हता. "म्हणजे प्रत्येक भोक हे शेजारच्या भोकांवर अवलंबून करायला हवं!" ते ओरडले. "शेजाऱ्यांची सरासरी घ्या. पण स्वतःच्या आकड्याला वजन जास्त." आणि त्यांनी मोठ्या कागदावर सूत्र लिहून खिडकीच्या काचेला लावलं. काटकोनरावांनी दुर्बीण आणून ते उतरवून घेतलं.

सूत्र घातल्यावर जाळी लोण्यासारखी दिसायला लागली. मोठी भोकं हळूहळू लहान होत जायची, लहान हळूहळू मोठी.

"वा!" काटकोनरावांनी ओरडून सांगितलं. "जमलं, मास्तर!"

"आणि मूळ आकडे कुठून आणलेत?" मास्तरांनी विचारलं.

काटकोनरावांनी आकड्यांचा कागद उपडा घातला. मग म्हणाले, "असेच. अंदाजाने."

मास्तरांच्या खिडकीला त्यांनी एक दिला होता. दहापैकी एक. मास्तरांच्याच सूत्राने तो एक आता आजूबाजूला अलगद पसरला होता आणि जाळीचा बरोबर मधला भाग गुळगुळीत बंद झाला होता. यात वाईट हेतू होता का? नव्हता. हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. काटकोनरावांना फक्त मोकळेपणाने जेवायचं होतं.

आता परवानगी. सोसायटीचे सेक्रेटरी पूर्वी कुठल्याशा खात्यात होते आणि निवृत्त झाल्यावर ते खातं त्यांनी बरोबर घरी आणलं होतं. बाह्य स्वरूपातील बदलाचा अर्ज, तीन प्रती, नकाशासह. काटकोनरावांनी दिला. चार दिवसांनी परत आला. शेरा: भोकांचे आकार निरनिराळे असण्याचे कारण नमूद नाही, सबब अपूर्ण.

"कारण काय लिहू?" काटकोनरावांनी विचारलं.

"जे असेल ते," सेक्रेटरी म्हणाले. "जोडपत्र लावा. कोष्टक असल्यास उत्तम."

आणि इथे काटकोनरावांनी ती चूक केली, जी फक्त सव्वीस वर्षं कचेरीत काढलेला माणूसच करू शकतो. त्यांच्याकडे कोष्टक तयार होतं. अनुक्रमांक, मजला, खिडकीचे धारक, आकडा. शेवटी 'शेरा' असा एक रकाना होता, तो रिकामा होता. आता रिकामा रकाना असलेला कागद काटकोनरावांच्या हातून पुढे जात नाही. कचेरीत असा कागद हमखास परत येतो. रिकामा रकाना दिसला की त्यांचा जीव खालीवर होतो. म्हणून एका रविवारी बसून त्यांनी सत्तेचाळीस शेरे भरले. थोडक्यात, मुद्देसूद आणि खरे. मग कोरी प्रत अर्जाला जोडावी आणि भरलेली स्वतःपाशीच ठेवावी, असा काही विचार? तो त्यांच्या मनाला शिवलाही नाही. भरलेलं कोष्टक त्यांनी अर्जाच्या तिन्ही प्रतींना जोडलं.

सेक्रेटरींनी जोडपत्र लागलंय एवढंच बघितलं, अर्ज पुन्हा वाचला नाही. पोच दिली आणि ठेवून दिला. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी गृहीत, असं उपविधीत होतं. एकतिसाव्या दिवशी काटकोनरावांनी चौकोन कापायला दिले.

कापणारा वैतागला. "साहेब, तीनशे बारा तुकडे आणि दोन एकसारखे नाहीत! सगळे सारखे केले असते तर दुपारपर्यंत मोकळे झालो असतो." काटकोनरावांनी त्याला समजावलं की सारखे नसणं हाच यातला मुद्दा आहे. त्याने समजून घेतलं आणि जाताना शेजारच्या दुकानदाराला डोक्याशी बोट फिरवून दाखवलं. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक होता, आणि बसवणाऱ्यांसाठी काटकोनरावांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: रांग एक, डावीकडून सुरू.

कोणाच्या डावीकडून, ते लिहिलं नव्हतं. जमिनीखालच्या पाइपाला आतून बघणारं आणि बाहेरून बघणारं असं वेगळं कोणी नसतं, त्यामुळे ती सवयच नव्हती. बसवणारे बाहेर परांचीवर उभे होते. त्यांनी आपल्या डावीकडून सुरू केलं. बाल्कनी दोन्ही बाजूंनी सारखीच फुगलेली, त्यामुळे शेवटचा तुकडाही चपखल बसला. संध्याकाळी कचेरीतून आलेले काटकोनराव खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी वर पाहिलं.

झाड गेलं होतं. आकाश गेलं होतं. दहाची मोठमोठी भोकं डावीकडे गेली होती, आणि त्या भोकांतून, चौकटीत बसवल्यासारखे, सेक्रेटरी बनियनवर दात घासत होते. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी त्यांच्याकडे पाहिलं. एवढं स्पष्ट ते दोघे एकमेकांना एकोणीस वर्षांत दिसले नव्हते.

मधला भाग मात्र जसाच्या तसा होता. उलटसुलट केलं तरी मधलं मध्येच राहतं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. "तुमच्या जाळीचा रोख माझ्या घरावर आहे," ते म्हणाले. काटकोनरावांनी डावं-उजवं समजावून सांगितलं, कागदावर बाल्कनी काढून दाखवली. सेक्रेटरी म्हणाले, "ते मला कळत नाही. मी उपविधीप्रमाणे जाणार. हरकती मागवतो." आणि त्यांनी अर्ज संपूर्ण जोडपत्रांसह, पंधरा दिवसांसाठी, दोन्ही विंगमधल्या नोटीस बोर्डावर लावला. वाचला तेव्हाही नाही.

पहिल्यांदा वाचला विमावाल्यांनी. त्यांच्या नावापुढे होतं: चार. नजरानजर झाली की पॉलिसीचा विषय काढतात. डॉक्टरीणबाई: सहा. झाडं चांगली ठेवली आहेत, स्वतः क्वचित दिसतात. नवीन जोडपं: दोन. यांनीच आधी पडदा लावावा. गाण्याच्या बाई: पाच. दिसायला हरकत नाही, ऐकू येऊ नये. परंतु ते भोकाच्या हाती नाही. आणि सेक्रेटरी: शून्य. यांना न बघताही सगळं कळतं.

संध्याकाळपर्यंत नोटीस बोर्डासमोर निकाल लागल्यासारखी गर्दी होती. "क्वचित दिसतात म्हणजे?" डॉक्टरीणबाई गरजल्या. "पेशंट बघू की यांना दर्शन देऊ?" विमावाल्यांचं दुःख निराळं होतं. "मला चार, आणि त्यांना सहा! अहो, त्यांची पॉलिसी माझ्याकडे आहे. मी काय चीज आहे ते त्यांना विचारा ना." गाण्याच्या बाईंनी शांतपणे चौकशी केली की पाच हे दहापैकी की शंभरपैकी. सगळ्यांत जास्त चिडल्या त्या तळमजल्यावरच्या आजी. त्यांची खिडकी टेबलावरून दिसत नव्हती, म्हणून त्या कोष्टकातच नव्हत्या. "आम्ही काय माणसं नाही का? शून्य तरी द्यायचं होतंत!"

काटकोनराव घराबाहेर पडेनासे झाले. कचेरीला जाताना मागचा जिना. बायको भाजी आणायला गेली की तिच्याकडे चार घरांच्या चौकशा यायच्या. "तू तरी त्यांना थांबवायचंस," असं तिला सगळे म्हणायचे, आणि ती घरी येऊन ते काटकोनरावांना जसंच्या तसं म्हणायची. "अहो, मनात कोणाच्या नसतं? पण लिहून, तीन प्रतींत?"

तिसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या जिन्याने उतरले तर 'ब' विंगच्या बोर्डासमोर मास्तर उभे होते. एकटेच. चष्मा कपाळावर चढवून, कागदाला नाक लावून ते एकेक ओळ बोटाने वाचत होते, पेपर तपासावेत तसे. काटकोनराव शेवटच्या पायरीवरच थांबले. मास्तरांचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथे लिहिलं होतं: एक. दिवसभर इकडेच बघत असतात.

बोट बराच वेळ तिथेच राहिलं. मग मास्तरांनी चष्मा खाली घेतला आणि त्यांना काटकोनराव दिसले.

"कोष्टक व्यवस्थित आहे," मास्तर म्हणाले. "रकाने अगदी सरळ."

आणि ते जिना चढून वर गेले. एकोणीस वर्षांत मास्तर त्यांना एकदाही टोचून बोलले नव्हते, आणि हेही टोचून बोलणं नव्हतं. त्यांनी खरंच कौतुक केलं होतं. त्या दिवशी त्यांनी कचेरीत एक पाइप तिरका काढला.

संध्याकाळी मास्तरांच्या खिडकीला पडदा होता. साधा, रिंगांचा. दांडी सरळ.

"मास्तर असं सारखं बघतात, हे तूच म्हणाली होतीस," काटकोनराव बायकोला म्हणाले.

"म्हणाले होते," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बोलताना माणूस काहीही म्हणतो. त्याचा आकडा करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

काटकोनराव उठले, कॉम्प्युटर लावला, मास्तरांच्या खिडकीचा एक खोडला आणि तिथे दहा लिहिलं. मास्तरांचंच सूत्र. क्षणात जाळीचा मधला भाग उमलला, भोकं मोठी झाली, शेजारची त्यांना जागा देत देत मोठी झाली. किती सोपं होतं. ते बघून त्यांना जास्तच वाईट वाटलं.

ॲल्युमिनियमला हे सांगता येत नाही. कापणाऱ्याकडे पुन्हा जावं लागलं, मधले छत्तीस तुकडे पुन्हा कापून घ्यावे लागले. "आता मोठी का?" त्याने विचारलं. "चूक झाली होती," काटकोनराव म्हणाले. तो पहिल्यांदाच न वैतागता कामाला लागला. बाकीची जाळीही उतरवून या वेळी आतल्या डावीकडून बसवून घेतली, झाड परत मिळालं, सेक्रेटरी नजरेआड गेले आणि त्यांनी हरकत मागे घेतली. लोकांचं म्हणाल तर दोन आठवड्यांत ते हसायला लागले. विमावाले स्वतःची ओळख "मी, चार" अशी करून द्यायचे. आजींच्या घरी जाऊन काटकोनरावांनी त्यांना तोंडी आठ दिले.

समोरचा पडदा मात्र हलला नाही. एवढ्या मोठ्या भोकांतून तोच दिसायचा.

दहा दिवस वाट बघून एका संध्याकाळी काटकोनराव मास्तरांकडे गेले. या घराच्या आत ते फार तर तीनदा आले होते, त्यातलं शेवटचं चार वर्षांपूर्वी, आणि तेव्हा सगळेच आले होते.

"या, या. बसा," मास्तर म्हणाले. खिडकीपाशी खुर्ची होती तशीच होती. खुर्चीसमोर एक छोटं टेबल, त्यावर धुतलेलं एकच ताट उपडं घातलेलं.

"मास्तर, माझं चुकलं," काटकोनराव म्हणाले. वाटेत पाठ केलेलं बाकीचं सगळं भाषण ते विसरले.

"छे हो. आकडा बरोबर होता. मी बघतच होतो." मास्तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "ती गेल्यावर एकट्याला घास उतरेना. पाच-सहा दिवस काही गेलंच नाही पोटात. मग एकदा ताट घेऊन इथे बसलो. तुम्ही समोर जेवत होतात. आणि जेवण गेलं. मग तेच लागलं. तुम्ही सव्वाआठला बसता. वहिनी आधी ताटं मांडतात, मग पाण्याचे पेले. पेले आले की मी वाढून घ्यायचो. तुमची मुलगी नाराज असली की उशिरा येऊन बसते, मग मीही थांबायचो. तुम्ही पुन्हा वाढून घेतलंत की मीही घ्यायचो. मला वाटायचं, अंधारात बसतो, कोणाला काय कळतंय?"

काटकोनराव पडद्याकडे बघत म्हणाले, "आता भोकं मोठी केलीत. मास्तर, पडदा काढा ना. अगदी पूर्वीसारखं..."

"बघितली मी भोकं. पडद्याच्या फटीतून," मास्तर हसले. "चांगली आलीत. सूत्र जमलंय. पण आता नाही व्हायचं ते. आता तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे. आता बसलो तर ते बघणं होईल. तेव्हा मी जेवत होतो."

"मग घरी या. जेवायला. या रविवारीच या."

"येतो," मास्तर म्हणाले.

रविवारी ते बरोबर सव्वाआठला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. चौथी खुर्ची बाल्कनीकडे पाठ करून होती, ते तीवर अवघडून बसले. मुलीने तिच्या कॉलेजच्या गणिताचा विषय काढून बघितला. मास्तरांनी नीट उत्तरं दिली. काटकोनरावांची बायको वाढायला आली की ते ताटावर आडवा हात धरायचे, "नको, नको, पुष्कळ झालं." काटकोनरावांनी मुद्दाम दोनदा पुन्हा वाढून घेतलं. तीच भाजी. मास्तरांनी घेतली नाही.

"फार छान झालं होतं हं वहिनी," ताट आवरताना ते म्हणाले. "उगाच त्रास घेतलात."

दारात चपला घालताना ते वळले आणि दोघांकडे बघून म्हणाले, "आता एकदा तुम्ही या माझ्याकडे."

"येऊ की, नक्की येऊ," काटकोनराव म्हणाले. बायकोही म्हणाली. दार लावून घेतल्यावर ती तिथेच दाराला टेकून उभी राहिली, आणि काटकोनरावही जागचे हलले नाहीत. चार वर्षं हा माणूस रोज आपल्याबरोबर जेवत होता. आजपासून आपलं त्यांच्याकडे पाहुण्यांसारखं जाणंयेणं सुरू झालं होतं.